आमचे चालते घर

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणून जातो. म्हणताना आवाजात थोडी कीव असते आणि थोडी कुचेष्टाही असते. ज्याच्या दाराला कुलूप नाही आणि कुलपाला दार नाही, अशा माणसासाठी ही म्हण राखून ठेवलेली! पण अलीकडे जग असे काही फिरले आहे, की चांगली शिकलीसवरलेली, पोटापाण्याला लागलेली मंडळी पदरचे पैसे मोडून विंचू व्हायला निघाली आहेत. एक मोठी मोटार घ्यायची, तिच्यातच पलंग, ओटा आणि न्हाणी बसवून घ्यायची, आणि आज या गावी तर उद्या त्या गावी असा संसार थाटायचा. अमेरिकेत अशा मोटारीला 'आर. व्ही.' म्हणतात, आणि तिच्यात बारा महिने राहून नोकरीधंदा करणारी माणसे तिकडे आहेत. २०२० साली महामारीने कचेऱ्यांना कुलपे लागली आणि काम घरी आले. तेव्हा कित्येकांच्या ध्यानात आले, की काम जर घरातूनच करायचे, तर ते घर एकाच जागी कशाला हवे? आपल्या महाराष्ट्र सरकारनेही २०२१ साली अशा गाड्यांच्या पर्यटनासाठी एक धोरण जाहीर केले.

या गाड्यांची चित्रे मी मोठ्या आवडीने पाहतो. घडीचा पलंग, भिंतीत दडणारे टेबल, छपरावर पाण्याची टाकी! आणि मग माझे मलाच हसू येते. कारण वाचकहो, असल्या चाकांवरच्या घरात या सोलापूरकराने १९८८ पासून २०११ पर्यंत, म्हणजे चांगली तेवीस वर्षे काढली आहेत. फरक एवढाच, की अमेरिकेतली मंडळी हौसेने जातात आणि मला पगार देऊन पाठवले होते.

मी रेल्वेत होतो. गाडीत बसून चहा पिताना आपण खालच्या रुळांचा विचार करीत नाही, आणि करू नये हेच बरे. पण रूळ ही काही एकदा टाकून विसरून जायची वस्तू नव्हे. शेकडो टनांच्या गाड्या रोज त्यांच्यावरून धावतात, स्लीपरखालची खडी सरकते, रूळ कुठे दबतो, कुठे बाजूला झुकतो. पूर्वी गँगमन हातातल्या बीटरने ठोकून ती खडी पुन्हा स्लीपरखाली बसवीत. पुढे हे काम करणारी पिवळी यंत्रे आली. हे यंत्र रुळावरूनच चालते. ते रूळ किंचित उचलून धरते, आपली पोलादी बोटे खडीत खुपसते आणि सेकंदाला ३५ वेळा थरथरणाऱ्या त्या बोटांनी खडी स्लीपरखाली घट्ट दाबते. मग पुढचे स्लीपर. एका किलोमीटरला असे १६६० स्लीपर! म्हणजे यंत्राचे काम मुंगीच्या पावलाने चालते, आणि ज्या गतीने यंत्र सरकते त्याच गतीने त्यावरची माणसेही सरकतात. आज केम, महिन्याने जेऊर, मग पारेवाडी. अशा माणसांनी रोज घरी जायचे कसे? म्हणून यंत्राबरोबर त्यांचे घरही चालते. प्रवाशांच्या सेवेतून निवृत्त झालेला एखादा जुना डबा घ्यायचा, आतली बाके काढून तिथे झोपायच्या बर्थ, स्वयंपाकाची जागा आणि न्हाणी करायची, की झाला 'कॅम्प कोच'. छोट्या स्टेशनाच्या सायडिंगवर तो नेऊन उभा केला, की तेच आमचे गाव आणि तोच आमचा वाडा.

गंमत अशी, की हेच नाव विलायतेत सुटीच्या चैनीला मिळाले होते. १९३३ साली तिथल्या एका रेल्वे कंपनीने जुने डबे निसर्गरम्य ठिकाणच्या स्टेशनांवर उभे केले आणि सुटी घालवायला येणाऱ्या कुटुंबांना ते भाड्याने द्यायला सुरुवात केली. त्यांना 'कॅम्पिंग कोच' म्हणत. तोच डबा, तीच सायडिंग. राहणारा पैसे देणारा असला म्हणजे सहल होते आणि पैसे घेणारा असला म्हणजे नोकरी होते, एवढाच काय तो भेद!

आमच्या डब्यात आम्ही सात-आठजण असू. एक बिहारकडचा तंत्रज्ञ, एक गुलबर्ग्याकडचा कानडी, एक सोलापुरातल्या तेलुगू विणकरांच्या घरातला, दोन मराठवाड्यातले. सोलापूरच्या माणसाला तीन भाषांचे नवल नसते. आमच्या डब्यात चौथी भर पडली. भांडणे हिंदीत होत, कारण ती सर्वांना समजावी लागत. समजूत मात्र ज्याची त्याच्या भाषेत घालावी लागे.

घर म्हटले की पहिला प्रश्न पाण्याचा. स्टेशनाच्या नळाला रबरी नळी जोडून डब्याची टाकी भरायची. नळ सुटला की हातातले काम टाकून धावायचे. अंगावर साबण आणि टाकीत खडखडाट, हा प्रसंग ज्याच्यावर एकदा येतो तो पुढे जन्मभर तांब्याभर पाणी आधी बाजूला काढून ठेवतो. दुसरा प्रश्न स्वयंपाकाचा. पाळ्या लावल्या होत्या. बिहारी तंत्रज्ञाच्या पाळीला भात आणि बटाटा, कानड्याच्या पाळीला सार. माझ्या पाळीला पिठले ठरलेले. आणि सगळ्यांच्या पाळ्या चुकल्या, की मदतीला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. सोलापूरच्या कडक भाकरीची थोरवी शहरात राहून कळत नाही. पापडासारखी वाळलेली ती भाकरी डब्यात महिना महिना टिकते. तिला ना आगगाडीचे भय ना आचाऱ्याच्या रजेचे. चटणी, वर थोडे दही, जवळ एखादा कांदा; मेजवान्या पुष्कळ झाल्या, पण रात्री दोन वाजता काम आटोपून खाल्लेल्या त्या भाकरीची सर कशाला आली नाही.

रात्री दोन वाजता असे म्हटले, कारण आमचा दिवस सूर्यावर चालत नसे. तो 'ब्लॉक'वर चाले. कंट्रोलने ठराविक वेळ गाड्या थांबवून मार्ग आमच्या हवाली करायचा, त्या अवधीत काम करायचे आणि वेळ संपायच्या आत यंत्र स्टेशनात परत आणायचे. हा ब्लॉक कधी दोन तासांचा, कधी तीन तासांचा. त्याची वाट पाहण्यात मात्र उभा दिवस जाई. त्यातून सोलापूरचा उन्हाळा! मे महिन्यात पोलादी डबा म्हणजे भट्टीच. पण आमच्यापेक्षा रुळांची काळजी मोठी. तापलेला रूळ लांबायला पाहतो. अशा वेळी त्याच्याजवळची खडी मोकळी केली, तर त्याला धरून ठेवणारे कोणी उरत नाही आणि सरळ रूळ नागासारखा वळसा घेतो. म्हणून भर उन्हात यंत्र चालवायचे नाही, पहाटे किंवा रात्री चालवायचे. आम्ही दुपारी ओली चादर खिडकीला लावून झोपायचा प्रयत्न करीत असू, आणि जग झोपले की कामाला लागत असू.

मुक्काम हलवायचा दिवस म्हणजे एक सोहळाच. बर्थखाली भांडी बांधायची, गॅसची चावी बंद करायची, भिंतीवरचे कॅलेंडर आणि देवाची तसबीर उतरवून गादीत गुंडाळायची. रॉकेलच्या रिकाम्या डब्यात आमची एक तुळस होती. तिला बादलीत बसवायची. नव्याने आलेल्या एका पोराने एकदा दुधाचे पातेले तसेच ओट्यावर ठेवले. डब्याला पहिला हिसका बसला आणि सबंध घराला दुग्धाभिषेक झाला. कपड्यांची दोरी तर हमखास मागे राही. डबा आणि कडुनिंबाचे झाड यांमध्ये ती बांधलेली असे. डबा पुढे जाई आणि झाडावर कोणाचा तरी पंचा निशाणासारखा फडकत राही. अशी आमची निशाणे मोहोळपासून भिगवणपर्यंत लागली आहेत. वास्तुशास्त्राची मात्र चिंता नव्हती. मार्ग वळला की दाराची दिशा बदलली. या महिन्यात घर लाभले नाही, तर पुढच्या महिन्यात लाभेल!

प्रवासात जग दिसते असे म्हणतात. मला दिसले ते दौंडपासून वाडीपर्यंत. पण तेही काही थोडे नव्हते. भिगवणच्या बाजूला हिवाळ्यात उजनीच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे उतरत. बोरोटी-दुधनीकडे गेले, की स्टेशनाच्या नळावरची भाषा मराठीची हळूहळू कानडी होई. नेमकी कोणत्या खांबाशी होते, ते मला तेवीस वर्षांत सापडले नाही. ज्या मार्गाने १८६० साली पहिली गाडी सोलापुरात आली, त्या मार्गावर रूळ टाकणारी माणसेही अशीच झोपड्या-राहुट्या पुढे पुढे सरकवीत आली असतील. आम्ही त्यांचे वारस, फक्त आमच्या राहुटीला चाके होती.

आणि घर? खरे घर सोलापुरात, रेल्वे लाईन्सच्या बाजूला, भाड्याच्या दोन खोल्यांत होते. आई, सौ. आणि दोन मुले. सुट्या साठवून मी महिन्याकाठी चार दिवस घरी जाई. मोबाईल येण्यापूर्वीच्या काळात पत्र यायचे ते 'द्वारा स्टेशनमास्तर' या पत्त्यावर. डबा पुढे गेलेला असला, तर ते पत्र कोणातरी गार्डच्या हाती पुढच्या स्टेशनात येई. माझी मुलगी लहानपणी शेजाऱ्यांना सांगे, "आमचे बाबा डब्यात राहतात." ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पोळ्यांचा डबा येई!

१९९८ च्या दिवाळीत माझी रजेची पाळी नव्हती. यंत्र आणि डबा सोडून सगळेच घरी जाऊ शकत नाहीत, कोणीतरी राखणीला लागते. आम्ही दोघे राहिलो. डबा जेऊरला उभा होता. वरिष्ठांची परवानगी काढली आणि सौ.ला कळवले, की या वर्षी दिवाळी माझ्या घरी करू. आई बहिणीकडे गेली, आणि ही दोन मुले आणि फराळाचे तीन डबे घेऊन पॅसेंजरने आली.

आल्या आल्या तिने घर पाहिले. बर्थवरची चादर ताठ. कपड्यांच्या घड्या. घासून उपडी घातलेली भांडी. मसाल्याच्या बाटल्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या. मी केलेला चहा तिने घेतला, आणि कप खाली ठेवून ती म्हणाली, "अहो, हे सगळं तुम्ही करता?"

"पाळी असते ना," मी म्हणालो.

"बरं झालं येऊन पाहिलं. घरी तुम्हाला पाण्याचा तांब्या कुठे असतो तेही दिसत नाही!"

यावर माझ्या सोबत्याने तोंड फिरवून यंत्राकडे पाहायला सुरुवात केली.

नरकचतुर्दशीला पहाटे चार वाजता तेलाच्या डब्यात पाणी तापवून मुलांना अभ्यंगस्नान घातले. पायरीवर पणत्या लावल्या. मुलाने फटाके मागितले. मी त्याला सांगितले, की आमच्याकडे फटाके असतात, पण ते उडू नयेत म्हणून असतात. मार्गावर धोका असला, की ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन असे ते रुळावर लावायचे. इंजिन वरून गेले की ते फुटतात आणि आवाजाने ड्रायव्हर गाडी थांबवतो. चिरंजीव विचारात पडले. "म्हणजे बाबा, तुमचा फटाका वाजला तर वाईट आणि नाही वाजला तर चांगलं?" मी होय म्हणालो. त्याला रेल्वेची दिवाळी पसंत पडलेली दिसली नाही.

स्टेशनाच्या पलीकडे पडीक रानात त्याच आठवड्यात ऊसतोडणीची माणसे येऊन उतरली होती. दिवाळीच्या सुमारास बीड-मराठवाड्याकडून बैलगाड्या निघतात, आणि पुढचे पाच-सहा महिने ती माणसे साखर कारखान्यांच्या भोवती पाचटाच्या कोपींतून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडे 'कोयता' म्हणतात. माणसाचे नावच हत्यारावरून पडलेले. सौ. फराळाची ताटली घेऊन तिकडे गेली. एक बाई गाडीखाली झोळी बांधून पोराला झोपवीत होती आणि तीन दगडांवर भात शिजत होता. हिने विचारले, "घर सोडून आलात, दिवाळीचं जड जात नाही का?" ती म्हणाली, "घर म्हंजी काय बाई? चूल पेटली की झालं घर." मग तिने लाडू पोराच्या उशाशी ठेवला आणि पहाटे तोडीला जायचे म्हणून कोयत्याला धार लावायला घेतली.

त्या रात्री मुले झोपल्यावर आम्ही दारात बसलो होतो. सिद्धेश्वर एक्सप्रेस गेली. डब्यातली भांडी किणकिणली आणि पणत्या विझल्या. त्या पुन्हा लावता लावता सौ. म्हणाली, "तुमचं घर चालतं, याचं सगळ्यांना कौतुक. सोलापुरात बायका मला विचारतात, डबा कसा असतो, झोप लागते का, भीती वाटते का. माझं घर एका जागी आहे, म्हणून ते कसं चालतं हे कुणी विचारत नाही. या सहा महिन्यांत सासूबाईंचा मोतीबिंदू झाला, धाकट्याचा टायफॉईड झाला, घरमालकानं भाडं वाढवलं. तुमचा डबा पुढं न्यायला इंजिन तरी येतं."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हिशेब सांगावा तसे तिने सांगितले. घर चालवणे हा शब्द मी जन्मभर वापरीत आलो होतो. महिन्याचा पगार घरी पाठवला की घर चालले, असा त्याचा सरळ अर्थ. त्या रात्री तो शब्द मला प्रथमच उघडून पाहावासा वाटला. चालणे म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे. दोन खोल्यांचे ते घरही रोज जातच होते. आजच्या दिवसाकडून उद्याच्या दिवसाकडे, आजारपणाकडून बरे होण्याकडे, पहिलीतून दुसरीकडे. आणि आमच्या डब्यातली सात माणसे पाळी लावून जे ओढीत होती, ते ती एकटी ओढीत होती. पलीकडच्या रानातल्या त्या बाईचे तर घरही चालत होते, तीही चालत होती, आणि शिवाय दिवसभर ऊस तोडीत होती.

त्यानंतर चार दिवसांच्या सुटीवर घरी गेलो, की माझी पाळी तिथेही लागू लागली. पहिल्या दिवशी पिठले, दुसऱ्या दिवशी पिठले. तिसऱ्या दिवशी मुलांनी आईकडे अर्ज केला. मग मी कानड्याकडून सार आणि बिहाऱ्याकडून चोखा शिकून घेतला. २०११ साली मला सोलापुरातच एका जागी काम मिळाले आणि २०१८ मध्ये मी निवृत्त झालो. आता त्या भागात दुहेरी मार्ग झाला, वर विजेच्या तारा आल्या. जेऊरला आम्ही जिथे पणत्या लावल्या, तिथून गाड्या आता डिझेलच्या धुराशिवाय जातात.

मध्यंतरी पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो संगणकाच्या कंपनीत आहे, आणि अशी राहती गाडी घ्यायचे त्याच्या मनात आहे. "मामा, तुम्हाला अनुभव आहे, काही सांगा." मी सांगितले: टाकी अर्धी झाली की भर, रिकामी व्हायची वाट पाहू नकोस. निघण्यापूर्वी भांडी बांध. कपड्यांची दोरी आधी सोड. कडक भाकरीचा डबा इथून घेऊन जा. आणि पाळीचा कागद पहिल्या दिवशी भिंतीला लाव; त्यावर तुझे नाव बायकोच्या नावाइतक्याच वेळा येते का, ते मोजून पाहा. त्याने सगळे लिहून घेतले. शेवटचे वाक्य लिहून घेताना तो थोडा थांबल्यासारखा वाटला.

मुलीला दिवस गेले आहेत. म्हणून या दिवाळीत सौ. नाशिकला तिच्याकडे गेली आहे, तिथून मैत्रिणींबरोबर काशीला जाऊन मगच परतणार आहे. आयुष्यात प्रथमच ती प्रवासात आणि मी मुक्कामाला, असा योग आला आहे. नळाला पाणी कोणत्या दिवशी येते, दूधवाल्याचा हिशेब कुठे लिहिलेला असतो, तुळशीला किती पाणी घालायचे, हे तिने एका कागदावर लिहून ओट्याच्या वर चिकटवून ठेवले आहे. चकली काल जमली नाही; पीठ फार सैल झाले. आज पुन्हा बसणार आहे. रात्री तिचा फोन येतो. मी कसा आहे हे ती मागून विचारते, आधी विचारते, "घर चाललंय ना?"

"चाललंय," मी सांगतो. "वेळेवर आहे."